तीन कागदांची जाडी

मार्चमध्ये आउरा नदीवरचा बर्फ फुटतो
तेव्हा आधी आवाज येतो, मग चीर दिसते.
त्या आठवड्यात मी दुकानात गेलो,
जुनं टर्नटेबल लेकीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून,
आजारी मांजर न्यावं तसं.

ओनेर्वानं तीन मांडून ठेवली होती.
पहिलं तीनशेचं: हलकं, बिस्किटांच्या डब्यासारखं,
फळीला टिचकी मारली तरी सुईला कळायचं.
तिसरं चोवीसशेचं. त्याच्याकडे मी पाहिलं
बंदरात लागलेल्या परक्या बोटीकडे पाहतो तसं,
जोड नीट आहेत का, एवढंच.
मधलं सहाशे नव्वद युरोचं.
काळं, जड, फारसं न बोलणारं.
म्हणजे आमच्यातलंच.

कान कसे आहेत, तिनं विचारलं.
एकोणतीस वर्षं गोदीत, हातोड्यांखाली. डावा गेलाच.
उजव्याला पक्षी ऐकू येत नाहीत, कुत्रे येतात.
मग महागडं नको, ती म्हणाली. दुकान तिचं असून.
तेव्हापासून तिच्यावर विश्वास.

मी बरोबर नेलेला टँगो तिनं मधल्यावर लावला
आणि गाणारा म्हातारा झाला.
आवाज दोन पायऱ्या खाली उतरला,
व्हायोलिनं ओल्या कोटासारखी जड.
हे हळू फिरतंय, मी म्हणालो. दुरुस्त करा.
तिनं रेघांची चकती ठेवली, वर दिवा धरला.
रेघा जागच्या जागी उभ्या,
हजेरीच्या वेळची मुलं जशी.
मग तीच चकती माझ्या जुन्यावर.
रेघा पुढे सरकू लागल्या,
सावकाश, सगळ्या मिळून,
कुणाला तरी गाठायचं असल्यासारख्या.

तिनं पट्टा काढला, पुली बोटावर घेतली.
ही कंपनीची नाही.
नाहीच. मूळची फुटली एकोणऐंशी साली.
रात्रपाळीत, फोरमन जेवायला गेलेला असताना
लेथवर पितळेची काढली मी,
सिगारेट पेटवलीसुद्धा नाही तोवर.
घरी आणली तेव्हा साइमीनं तिला
लग्नातल्या चमच्यांशेजारी ठेवून बघितलं होतं.
ओनेर्वानं कॅलिपर लावला.
तीन कागदांची जाडी जास्त.

तीन कागद.
त्यांच्यावर आम्ही स्वयंपाकघरात नाचायला शिकलो,
टेबल भिंतीला लावून, नुसत्या मोज्यांनी.
आणि उन्हाळ्यात, तळ्याकाठच्या मंडपात,
दर शनिवारी बँडच्या अर्धं पाऊल पुढे.
मी म्हणायचो, अकॉर्डियनवाला झोपलाय.
ती म्हणायची, तू ओढतोयस.
परतताना मोटारीत एकवीस किलोमीटर अबोला.
एकदा तिनं बूट खिडकीतून फेकले,
नवे, पांढरे.
मी गाडी वळवली. एकच सापडला.

बँड बरोबर होता, साइमी.
तूही. ओढत मीच होतो,
थेट गोदीतल्या लेथपासून.

वेग कमीजास्त करायची कळ असलेलंही एक आहे,
ओनेर्वा म्हणाली, शंभर जास्त पडतील,
हवं तर जुन्या चालीवर आणता येईल.
रस्त्यावर कुणीतरी फावड्यानं बर्फ खरवडत होतं.
त्याचं संपेपर्यंत मी थांबलो.
मग नको म्हणालो.
का, ते नीट सांगता येत नाही.
ती चूक मला पाठ आहे. तिच्यासाठी यंत्र कशाला?

मधलं घेतलं. पुली खिशात, किल्ल्यांबरोबर.

घरी आता प्रत्येक गाणं पाच सेकंद उशिरा संपतं.
एका बाजूला सहा गाणी. अर्धं मिनिट.
हे अर्धं मिनिट तिनं ऐकलेलं नाही,
या घरात ते कधी नव्हतंच.
पहिल्या रात्री सवयीनं
सुई उचलायला हात गेला,
तर तो अजून गातच होता.
मी हात मागे घेतला नाही.
उजवा हात, हवेत, जरा वाकवलेला,
साधारण तिच्या पाठीच्या उंचीवर.